वन-ट्वेंटीचा आटता बाजार

जुन्या मराठी घरांतल्या अल्बममध्ये काळ्या जाड पानांवर, चार कोपऱ्यांत अडकवलेले छोटे चौकोनी फोटो असतात. जेमतेम सव्वादोन इंचांचे. बरेचदा ते मोठे केलेले नसतातच. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, दिवा लावायचा, की झाला कॉन्टॅक्ट प्रिंट. एन्लार्जरशिवाय भागायचं, कारण निगेटिव्हच नुसत्या डोळ्यांनी बघण्याएवढी मोठी होती. बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री, त्याआधीचे कोडॅकचे डबा कॅमेरे, स्टुडिओवाल्यांचे याशिका मॅट नि रोलायकॉर्ड, छायापत्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातला रोलायफ्लेक्स, या सगळ्यांच्या पोटात एकच रोल जायचा, वन-ट्वेंटी. ‘मीडियम फॉरमॅट’ हे भारदस्त नाव आपल्याकडे त्याला फार उशिरा चिकटलं. तोवर तो नुसता बारा फोटोंचा रोल होता.

कोडॅकने १९०१ साली नंबर टू ब्राउनी या कॅमेऱ्यासाठी हा रोल काढला आणि आजही तो त्याच मापात निघतो. साधारण सहा सेंटिमीटर रुंद, ऐंशीएक सेंटिमीटर लांब फिल्म, तिच्या पाठीला तिच्याहून बरीच लांब अशी कागदाची पट्टी, आणि दोन्ही मिळून एका स्पूलवर गुंडाळलेली. नव्वद वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज सकाळी विकत घेतलेला रोल बिनतक्रार चालतो. असं भाग्य फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येतं. तरीही त्याचा बाजार आटतो आहे, आणि तो कसा आटतो हे जरा नीट पाहण्यासारखं आहे, कारण वरवर चित्र उलटंच दिसतं. फिल्मची हौस परत आली आहे, तरुण मुलं रोल भरतात, जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढले आहेत. मग आटतंय काय?

आधी हिशेब. पस्तीस मिलिमीटरची छत्तीस फोटोंची अख्खी फिल्म, वन-ट्वेंटीचा एक रोल आणि आठ बाय दहा इंचांची एक शीट, या तिघांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच, पाचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चांदी तेवढीच, रसायन तेवढंच. फरक तुकडे किती मोठे पाडता यात. पस्तीसची एक फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटर. वन-ट्वेंटीची सहा बाय सहा सेंटिमीटरची फ्रेम प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे ३,१३६; साडेतीन पटींहून जास्त. म्हणून एका रोलमध्ये सहा बाय साडेचारचे पंधरा-सोळा, सहा बाय सहाचे बारा, सहा बाय सातचे दहा आणि सहा बाय नऊचे फक्त आठ फोटो निघतात. रोल हजार रुपयांचा धरा, धुणं आणि स्कॅन सहाशेचं धरा. सहा बाय सातच्या कॅमेऱ्यात दर वेळी शटर दाबताना १६० रुपये खर्ची पडतात. हौशी माणूस महिन्याला एक रोल काढतो तो याच कारणाने. व्यावसायिक मात्र एका दिवसात वीस रोल काढत असे, कारण बिल गिऱ्हाइकाच्या नावावर जायचं.

खरा बाजार तो होता. जाहिराती, फॅशन, युरोप-अमेरिकेतली लग्नं, उद्योगांचे कॅटलॉग. तो पाच-सात वर्षांत गेला. २००२ ते २००५ च्या दरम्यान डिजिटल कॅमेरे अकरा-सोळा मेगापिक्सेलपर्यंत पोचले, आणि छापील पानासाठी तेवढं पुरत होतं. टॅमरॉनने ब्रॉनिका बंद केला. क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतलं, त्याबरोबर काँटॅक्स ६४५ गेला. मामियाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच दुसऱ्याला विकला. पेंटॅक्स ६७ गेला. हॅसलब्लाडने १९५७ च्या ५०० सी पासून चालत आलेली व्ही मालिका २०१३ मध्ये थांबवली. त्या काळात स्टुडिओंनी आपले कॅमेरे पेटीसकट मिळेल त्या भावाला काढले.

पुढे ते भाव वर गेले, आणि इथेच लोकांची गल्लत होते. कॅमेरा महागला म्हणजे बाजार वाढतोय, असं वाटतं. रोलांचा खप व्यावसायिकांबरोबर गेला तो गेलाच. महागला तो कॅमेरा, कारण नवा फारसा कोणी बनवत नाही आणि जुन्यांतले दरवर्षी काही कायमचे बंद पडतात. प्लॅस्टिकचे होल्गा-डायना सोडले, तर धड लेन्स नि धड शटर असलेला नवा वन-ट्वेंटी कॅमेरा दुकानात जाऊन सहसा घेता येत नाही. फिल्मच्या पुनरागमनाचा फायदा बव्हंशी पस्तीसने घेतला. वन-ट्वेंटीच्या वाट्याला त्यातली महागाई आली.

फिल्म बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. पस्तीसची आणि वन-ट्वेंटीची फिल्म एकाच थानातून कापता येत नाही. पस्तीसचा पाया जाड असतो. इलफर्डच्या फिल्मचा ०.१२५ मिलिमीटर. वन-ट्वेंटीचा ०.११०, कारण कागदासकट ती बारीक स्पूलवर घट्ट बसायला हवी. तेव्हा तेच इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा लेप, वेगळ्या पायावर, वेगळ्या खेपेत लावावं लागतं, आणि एक खेप म्हणजे थोडाथोडका माल नव्हे. तो मुदतीत खपेल याची खात्री नसेल तर कंपनी खेप लावतच नाही. कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइडची फिल्म परत आणली ती २०१८ मध्ये आधी पस्तीसमध्ये. वन-ट्वेंटीला २०१९ उजाडलं. फुजीने २०२१ मध्ये प्रो ४०० एच ही रंगीत फिल्म बंद केली ती कच्चा माल मिळेनासा झाला म्हणून. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. कोडॅकने २०२२ मध्ये गोल्ड २०० ही साधी घरगुती फिल्म वन-ट्वेंटीत आणली, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. हौशी माणसाला कोडॅकच्याच व्यावसायिक पोर्ट्रा फिल्मच्या भावाची धडकी भरते. कृष्णधवलाची काळजी त्यामानाने कमी. इंग्लंडात मॉबर्लीला हार्मन, चेक प्रजासत्ताकात फोमा, चीनमध्ये शांघाय, असे तीन-चार ठिकाणी चुली पेटलेल्या आहेत. रंगीत फिल्म मात्र अमेरिकेत रॉचेस्टरच्या कोडॅकच्या एका कारखान्यावर फारच विसंबून आहे, आणि तो कारखाना चालतो त्यात हॉलिवूड अजून सिनेमाची फिल्म विकत घेतं याचा मोठा वाटा आहे. आपलीही एक चूल होती. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० मध्ये स्थापन झाली, ‘इंदू’ नावाने रोल काढायची. ती विझली.

पण फिल्मच्या इमल्शनपेक्षा नाजूक दुवा आहे तो मागचा कागद. हे ऐकायला विचित्र वाटतं. कागदात काय आहे? पुष्कळ आहे. तो उजेड अजिबात जाऊ न देणारा हवा, म्हणजे एका बाजूने काळा. दुसऱ्या बाजूवर आकड्यांच्या तीन रांगा छापलेल्या हव्यात, सोळाची, बाराची आणि आठची, कारण जुन्या कॅमेऱ्यांत मागच्या लाल खिडकीतून तोच आकडा पाहून रोल पुढे सरकवायचा असतो. कागद पातळ हवा, तरी फाटता कामा नये. आणि मुख्य म्हणजे त्याने इमल्शनशी काही लावालावी करता कामा नये. गुंडाळीत एका फेऱ्याच्या कागदाची छापील बाजू त्याच्या बाहेरच्या फेऱ्यातल्या इमल्शनला टेकलेली असते. महिनोन्महिने. उष्णता आणि दमट हवा मिळाली की शाईचा ठसा इमल्शनवर उठतो, आणि धुतल्यावर निरभ्र आभाळात ७ किंवा ८ असा आकडा नि ठिपक्यांची रांग दिसते. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या काही खेपांत हे इतकं झालं की कंपनीला ते मान्य करून खेपांचे क्रमांक जाहीर करावे लागले. जगात या कागदाला दुसरं गिऱ्हाईक नाही. जेवढे रोल, तेवढाच कागद. मागणी घटली की चांगला कागद बनवणाराही घटतो.

म्हणून कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या माणसाने रोल साठवताना जपावं. रोल फॉइलच्या पाकिटात बंद असेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावा. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मगच पाकीट फोडावं. घाई केली तर थंड फिल्मवर दव धरतं. आणि एकदा काढलेला रोल न धुता पावसाळाभर कपाटात ठेवणं म्हणजे कागदाच्या शाईला निमंत्रण. लाल खिडकीचंही तसंच. ती खिडकी शोधली गेली तेव्हा फिल्मला लाल रंग दिसत नसे. आजच्या फिल्मला दिसतो. तेव्हा खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी, रोल सरकवताना सावलीत उभं राहून तेवढ्यापुरती उचलावी.

कागदाचीच आणखी एक शिकार म्हणजे २२०. १९६५ मध्ये आलेल्या या रोलमध्ये कागद फक्त सुरुवातीला आणि शेवटाला असे. मधली जागा फिल्मला मिळाल्यामुळे लांबी दुप्पट, बाराऐवजी चोवीस फोटो. व्यावसायिक गेला तशी त्याची गरज संपली आणि कोडॅक, इलफर्ड, फुजी तिघांनीही तो सोडला. जुन्या बाजारात २२० चं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला लागणारी रोलची सुटी पेटी, स्वस्त दिसतं ते म्हणून. स्वस्त दिसलं तरी घेताना विचार करावा. त्यात वन-ट्वेंटी घातला तर आकड्यांची मोजणी आणि कागदाच्या जाडीमुळे फिल्मची पातळी, दोन्ही चुकू शकतात.

आता कॅमेरा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पहिली परीक्षा हळू शटरची. बहुतेक मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आत असतं, कॉम्पुर, कोपाल किंवा सेइको. त्यात हळू वेगांसाठी घड्याळासारखी दातेरी चाकांची साखळी असते. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर तिचं तेल डिंकासारखं होतं आणि एक सेकंदाचे दोन सेकंद होतात, कधी पाती अर्ध्यावर अडकतात. मागचं झाकण उघडून लेन्स उजेडाकडे धरावी आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण करावं. १/३० ला पाती आठ फ्रेम उघडी दिसली पाहिजेत, १/६० ला चार. त्यापुढे हा उपाय भरवशाचा नाही. आठऐवजी दहा आल्या तर निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते. स्लाइडची फिल्म घेत नाही. पात्यांवर लायटरचं तेल सोडून ती मोकळी करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नये. जुनं तेल विरघळून पात्यांवरच पसरतं आणि आठवड्याने पुन्हा तेच. शटर खोलूनच साफ व्हावं लागतं, आणि ते करणारी माणसं प्रत्येक शहरात एक-दोन, तीही वयस्कर. त्यांच्या पश्चात कोण, हा प्रश्न फिल्मच्या भावापेक्षा गंभीर आहे.

विजेवर चालणाऱ्या मॉडेलांबद्दल आमचं मत कडक आहे. मामिया ७ आणि काँटॅक्स ६४५ यांच्या लेन्सना तोड नाही, भावही तसेच. पण त्यांतलं सर्किट गेलं की दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यापेक्षा मामियाचाच आरबी ६७ घ्यावा. लेन्ससकट अडीच किलोंचा धोंडा आहे, खांदा भरून येतो, पण त्यात बॅटरीच नाही. याशिका मॅट १२४ जी चं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलं होतं, तो सेल आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर मीटर चुकीचं सांगतं. श्रवणयंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. भोवती छोटी कडी बसवून तो चालतो. नाहीतर फोनवरचं मीटर आहेच.

हॅसलब्लाड घेणाऱ्याने एक नियम पाठ करावा. लेन्स काढताना नि लावताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही चावी भरलेल्या स्थितीत असावेत. लेन्सच्या मागच्या खाचेचं टोक लाल खुणेसमोर आहे का, हे लावण्याआधी बघायचं. एक भरलेला आणि दुसरा सुटलेला असताना जोडले की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात, लेन्स निघत नाही, शटर पडत नाही. त्यावर इलाज म्हणजे मॅगझिन काढून मागच्या झडपांतून लांब, सपाट टोकाचा स्क्रूड्रायव्हर आत घालून लेन्सची कळ घड्याळाच्या दिशेने खट्ट वाजेपर्यंत फिरवणं. हात थरथरत असेल तर कारागिराकडे द्यावा. मॅगझिन घेताना आतल्या भागावरचे तीन आकडे बाहेरच्या कवचाच्या क्रमांकातल्या शेवटच्या तिनांशी जुळतात का पाहावं. न जुळणारी जोडी असेल तर फ्रेममधलं अंतर बिघडू शकतं. आणि फोटोच्या एकाच कडेने आत शिरणारा पांढरा पट्टा दिसला, तर लेन्सला दोष देऊ नये. डार्क स्लाइडच्या, म्हणजे मॅगझिनमधल्या फिल्मसमोर सरकवायच्या पत्र्याच्या, फटीतला फोम कुजलेला असतो. तो सुटा मिळतो आणि अर्ध्या तासात बदलता येतो.

रोल भरणं दिसायला सोपं. कागदाचं टोक रिकाम्या स्पूलच्या खाचेत घालून पहिले दोन-तीन फेरे देताना भरलेल्या स्पूलवर अंगठ्याने हलका दाब ठेवावा. तो ठेवला नाही तर गुंडाळी सैल होते, कागद स्पूलच्या कडांच्या वर येतो, आणि रोल काढताना दोन्ही बाजूंनी उजेड आत शिरतो. रोल संपल्यावर कागद पूर्ण गुंडाळून घट्ट करून पट्टी चिकटवावी, उन्हात नाही. रिकामा स्पूल फेकू नये, तोच पुढच्या रोलचा गुंडाळणारा. आणि जुना कोडॅक कॅमेरा ६२० चा असेल, तर फिल्म तीच पण स्पूल बारीक. त्यात वन-ट्वेंटीचा स्पूल बसत नाही, अंधारात ६२० च्या स्पूलवर रोल दोनदा गुंडाळून घ्यावा लागतो.

धुण्याचं काय? इथे आपल्या गावांत साखळी सर्वांत आधी तुटली. रंगीत लॅबच्या मशीनमधला डेव्हलपर रोजच्या रोलांनुसार थोडा-थोडा नवा भरला जातो. दिवसाला पुरेसे रोल आले नाहीत तर तो हवेने खराब होतो आणि सगळ्या निगेटिव्हवर रंगाची झाक येते. म्हणजे गर्दी कमी झालेली लॅब जास्त वाईट काम करते, त्यामुळे गर्दी आणखी कमी होते. त्यात कित्येक मशीनांचा मार्ग पस्तीसपुरताच असतो.

कृष्णधवल घरी धुवावं, त्यात अवघड काही नाही. धुण्याच्या डबीत फिल्म ज्या चक्रीत भरतात त्या वन-ट्वेंटीच्या एका रीळाला ५०० मिलिलिटर द्रव लागतो, पस्तीसला २९० पुरतो. डी-७६ डेव्हलपर घरी बनतो: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आधी, सल्फाइटची फक्त चिमूट तेवढी त्याच्याही आधी. अख्खं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळत नाही. इलफर्डच्या एचपी ५ फिल्मला आयडी-११ (डी-७६ चाच इलफर्डचा अवतार) एकास एक पाणी घालून २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. पण मे महिन्यात नळाचं पाणी ३० ला असतं. बर्फाची पिशवी बाहेरच्या टबात सोडून २४ वर आणावं आणि वेळ ९ मिनिटांवर आणावी. त्याहून गरम पाण्यात वेळ इतकी कमी होते की ओतण्या-काढण्यातच वेळेचा हिशेब बिघडतो. हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ असावं.

अडतं ते उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत, फिल्म रीळावर चढवताना. कागद उलगडत गेलं की आधी फिल्मचं सुटं टोक हाती येतं. कागदाला ती फक्त दुसऱ्या टोकाला, आतल्या बाजूला, पट्टीने चिकटवलेली असते. ती पट्टी कागदावरून सावकाश सोडवावी, फाडू नये, आणि फिल्मच्याच टोकावर दुमडून टाकावी. आता ते टोक ताठ झालं. पातळ, वाकडी-तिकडी होणारी ही फिल्म रीळात शिरायला तयार नसते. ताठ टोक मात्र खाचेत सरळ जातं. ओढाताणीत फिल्म जिथे मुडपते तिथे निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा डाग उठतो, तो कशाने जात नाही. रीळ हाडासारखं कोरडं हवं. पावसाळ्यात ते आधी हेअर ड्रायरने वाळवावं, आणि पिशवीत हात घामेजले तर फिल्म डबीत टाकून झाकण लावून हात बाहेर काढावेत. घाई करणाऱ्याच्याच फिल्मा चिकटतात.

स्कॅनची कथा थोडक्यात. वन-ट्वेंटीचे उत्तम स्कॅनर, निकॉनचा ९००० धरून, बंद झालेत आणि ते जोडायला लागणारं फायरवायरही. सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर फिल्म मधोमध पोक काढते नि फोकस जातो. मॅक्रो लेन्स, डिजिटल कॅमेरा आणि चांगल्या प्रतीचा लाइट पॅड हा आज सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

रंगीत फिल्मसाठी मात्र आपली हवा अनुकूल आहे, हे फार जण लक्षात घेत नाहीत. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचा डेव्हलपर ३८ अंशांवर सव्वातीन मिनिटं लागतो. मुंबईच्या उकाड्यात २० वर आणण्यापेक्षा ३८ वर नेणं केव्हाही सोपं; अन्न शिजवायची सू-वीड कांडी बादलीत सोडली की तापमान हलत नाही. एक लिटरच्या किटमध्ये वन-ट्वेंटीचे आठ रोल निर्धास्त निघतात. पण एकदा कालवलेला डेव्हलपर काही आठवडेच टिकतो, आणि एकट्या माणसाचे तेवढ्यात आठ रोल होत नाहीत. पुण्या-मुंबईत चार-पाच जणांनी रोल जमवून एका रविवारी एकच किट कालवावी. डेव्हलपरच्या बाटलीत हवा राहू नये म्हणून ती काठोकाठ भरावी, आणि कोणाचा रोल कितवा हे डबीवर लिहावं, म्हणजे कितव्या रोलापासून वेळ किती वाढवायची ते कळतं. किटवरचा तक्ता तेवढ्यासाठीच असतो.